वरच्या कातळाचं पाणी, आपलं पाणी आणि काकांचं अंगण

प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरी तालुक्यात उतारावर दहा गुंठे बिनशेती जागा घेतली आहे. वरच्या अंगाला साधारण अर्धा एकर उघडा कातळ. खालच्या अंगाला शेजाऱ्यांचं कौलारू घर आणि विहीर, त्यापलीकडे पऱ्या, म्हणजे पावसाळी ओढा. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, खालच्या हद्दीवर आठ फूट चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत घालू, भराव टाकून जागा सपाट करू आणि पाण्यासाठी भिंतीतून सहा इंची पाइप काढून देऊ. शेजारचे काका म्हणतात, "भिंत घाला, पण माझ्या अंगणात पाणी आलं तर मग बघा." तर सहा इंची पाइप पुरेल का, की आठ इंची घ्यावा? आणि अंगणात पेव्हर घालावेत का?

कोकणात घरं बांधण्याच्या धंद्यात मला पंचवीसेक वर्षं झाली. हा प्रश्न दरवर्षी मे महिन्यात कोणीतरी विचारतंच, आणि तो जवळजवळ नेहमी पाइपच्या मापापासून सुरू होतो. तुमची खरी अडचण पाइपची नाही. तुम्ही येण्याआधी ह्या जागेतून पाणी कुठून कुठे जात होतं हे तुम्हाला, कॉन्ट्रॅक्टरला आणि बहुतेक नकाशा काढणाऱ्यालाही माहीत नाही, ही खरी अडचण आहे. काकांना ते माहीत आहे. म्हणून ते धमकी देतायत असं समजू नका. मी तर म्हणेन, सगळ्यात आधी त्यांच्या पडवीत बसून एक चहा घ्या आणि विचारा, "काका, आषाढात मोठी सर आली की पाणी कुठून उतरतं?" ते हाताने दाखवतील. मोजणीच्या नकाशावर न सापडणारी ती रेघ आपल्याला हवी आहे.

जागा पावसात पाहिली नसेल तर कोरड्या दिवसांतही खुणा सापडतात. गवत एकाच दिशेला निजलेलं दिसतं. काजूचा पालापाचोळा गडग्याला (दगड रचून केलेल्या कुंपणाला) एका ठिकाणी ढीग लावून बसलेला असतो. झाडाची मुळं एकाच बाजूने उघडी पडलेली असतात, कातळावर काळपट शेवाळाचा पट्टा असतो. आणि गडगा नीट बघा. जुन्या गडग्यांना पायाशी वीतभर भोक ठेवलेलं असतं, वरून एक लांब चिरा आडवा टाकलेला. कधी ते मातीने बुजलेलं असतं. ती पाण्याची वाट आहे. नवा मालक येतो, गडगा पाडून सिमेंटची भिंत घालतो, भोक जातं आणि दोन पावसाळ्यांनी भिंत पोट काढते.

आता गणित. ते अवघड नाही आणि ते केल्याशिवाय पाइपवर बोलण्यात अर्थ नाही.

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एवढं एकच सूत्र पुरतं. दहा गुंठे म्हणजे सुमारे १०१२ चौ.मी., वरचा अर्धा एकर म्हणजे २००० चौ.मी.च्या थोडं वर. पाऊस किती धरायचा हा वादाचा मुद्दा. हवामान खात्याच्या भाषेत चोवीस तासांत २०४.४ मिमीच्या वर गेला की तो अत्यंत मुसळधार, आणि आपल्याकडे असे दिवस वर्षाआड येतातच. पण चराला आणि पाइपाला दिवसाचा आकडा कळत नाही, त्यांना सर कळते. छोट्या जागेवर पडलेलं पाणी पाच-दहा मिनिटांत चरात पोचतं, म्हणून त्या पाच-दहा मिनिटांत किती जोराने कोसळलं ते मोजायचं. मुंबईतली जुनी पर्जन्यवाहिन्यांची व्यवस्था तासाला २५ मिमीच्या हिशेबाने होती, नंतरच्या योजनेत ते ५० केलं. शहराचे मोठे नाले वेगळे, त्यांत पाणी पोचायलाच वेळ लागतो. घराच्या जागेसाठी मी तासाला १०० मिमी धरतो. काही जण कमी धरतात. त्यांच्याशी माझं भांडण नाही, पण चर थोडा मोठा झाला म्हणून कोणी रडत आल्याचं मला आठवत नाही.

तुमचा स्लॅब किंवा पत्रा धरा दीड हजार चौरस फूट, म्हणजे सुमारे १४० चौ.मी. तासाला १०० मिमीने त्यावरून तासाला १४,००० लिटर उतरतं, म्हणजे सेकंदाला चार लिटरच्या आत. बादलीभर पाणी साडेतीन सेकंदांत. आपण घाबरतो ते ह्याला, कारण ते डोळ्यांसमोर पन्हळीतून कोसळतं. आता वरचा कातळ बघा. २००० चौ.मी., उघडा दगड, दहातले आठ भाग पाणी वाहून जाणार. तेवढ्याच सरीत सेकंदाला सुमारे ४४ लिटर. छपराच्या अकरा पट, आणि ते पाणी तुमच्या नकाशावर नाहीच, कारण ती जागा तुमची नाही. तुमच्या स्वतःच्या दहा गुंठ्यांचं, छप्पर धरून, आणखी वीसेक लिटर. एकूण सेकंदाला ६०-६५ लिटर.

सहा इंची पाइप शंभराला एक उतारावर भरून वाहिला तर सेकंदाला साधारण १५ ते १८ लिटर नेतो. तेही स्वच्छ असला तर. आठ इंची त्याच्या दुपटीच्या आसपास. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: दोन्ही पुरणार नाहीत. आणि पुरले असते तरी मी सांगितलं नसतं, कारण आपल्याकडे पाइप पाण्याने नाही, फणसाच्या पानांनी भरतो.

उलट उघडा चर घ्या. दीड फूट रुंद, दीड फूट खोल, तळाला आणि बाजूंना चिऱ्याचे तुकडे किंवा गडगी दगड, शंभराला एक उतार. त्यात फूटभर पाणी वाहिलं तरी सेकंदाला शंभर-सव्वाशे लिटर जातं. गरजेच्या दुप्पट झालं, वर अर्धा फूट पाल्यासाठी शिल्लक. शिवाय तुंबला तर दिसतो. पावसात छत्री घेऊन खोऱ्याने पाला ओढता येतो. पाइप तुंबला की कळतं ते काकांच्या अंगणात.

म्हणून माझा पहिला आग्रह: वरच्या हद्दीला लागून चर. कातळाचं पाणी तुमच्या जागेत पसरण्याआधीच तिथे अडवायचं आणि हद्दीच्या कडेकडेने फिरवून ज्या वाटेने ते आधी पऱ्याला मिळत होतं त्याच वाटेला सोडायचं. ह्या एका चराने तुमच्या जागेवरचा दोनतृतीयांश प्रश्न घराचा पहिला दगड बसायच्या आधी संपतो. चर घराच्या पायाच्या फार जवळून नेऊ नका. कापलेल्या दरडीच्या अगदी माथ्यावरूनही नको, निदान पाच-सहा फूट मागे ठेवा. नाहीतर चरातूनच पाणी दरडीत मुरतं आणि तुम्ही ज्याला अडवलं तेच दरड घेऊन खाली येतं.

'त्याच वाटेला' हे शब्द मी मुद्दाम वापरले. इथे कायदाही तेच सांगतो. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम ७ मध्ये उदाहरण आहे: वरच्या जमिनीवर पडलेलं, ठरावीक पात्रातून न वाहणारं पाणी नैसर्गिकपणे खालच्या जमिनीत वाहू देणं हे खालच्या मालकाला बंधनकारक आहे. कॉन्ट्रॅक्टर लोकांना एवढं अर्धवट माहीत असतं आणि ते शेजाऱ्याला ऐकवतात: पाणी खालीच जाणार, तुम्ही अडवू शकत नाही. पण त्या वाक्यातला कळीचा शब्द 'नैसर्गिकपणे' हा आहे. शंभर फुटांवर पसरून झिरपत येणारं पाणी गोळा करून एका भोकातून काकांच्या विहिरीवर सोडणं ह्याला नैसर्गिक कोण म्हणेल? वकिलाचं मत तुम्ही स्वतंत्र घ्या, मी इंजिनिअर आहे. मला इतकंच दिसलंय की पाण्यावरून सुरू झालेलं भांडण पुढे रस्त्यावर, मग हद्दीवर जातं आणि पोराच्या लग्नापर्यंत टिकतं. चराचं शेवटचं टोक काकांच्या जागेतून न्यावं लागत असेल तर त्यांची लेखी संमती घ्या, वकिलाकडून ती रीतसर नोंदवून घ्या आणि चर बांधायचा खर्च तुम्ही करा. त्यांच्या अंगणाचाही प्रश्न त्यात सुटत असेल तर ते नाही म्हणणार नाहीत.

आता ती आठ फुटी भिंत. ह्याच्यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण पैसे आणि जीव दोन्ही इथे अडकतात.

भिंत मातीला धरते असं आपण म्हणतो. कोरड्या मुरमाच्या आठ फूट भरावाचा रेटा भिंतीच्या दर मीटर लांबीला साधारण पावणेदोन टन येतो. चांगली रुंद चिऱ्याची भिंत तो सोसू शकते. पण तोच भराव पाण्याने भरला आणि पाण्याला बाहेर पडायला जागा नसली, तर रेटा पावणेचार टनांच्या घरात जातो. भिंत तीच, भराव तोच, फक्त मध्ये पाणी बसलं आणि भार दुपटीवर गेला. पडलेल्या भिंती बघायला गेलो की मालक सांगतात, "दोन वर्षं काही झालं नव्हतं." दोन वर्षं भिंतीमागची माती बसत होती, बारीक कण खाली जाऊन गळायची भोकं बुजवत होते. तिसऱ्या वर्षी पाण्याला वाट उरली नाही.

त्यात आपल्या जमिनीचा एक गुण आहे. वरचा जांभा सच्छिद्र, त्यात पोकळ्या, नळ्या, कधी हात जाईल एवढी विवरं. पाणी त्यातून सरळ खाली जातं. त्याखाली बहुतेक ठिकाणी पांढरट-पिवळट चिकट माती लागते, आणि तिथे पाणी थांबतं. खाली जाता येत नाही म्हणून आडवं चालायला लागतं. जांभ्याच्या कड्याखाली श्रावणात जे झरे फुटतात ते हेच. तुमच्या भिंतीमागे पाणी फक्त वरून येणार नाही, ते पाठीमागून जमिनीच्या पोटातूनही येणार. ते ऑगस्टमध्ये सुरू होतं आणि पाऊस उघडल्यावरही आठवडे चालतं. पाइप भिंतीच्या माथ्यावर ठेवून ह्या पाण्याला काही उपयोग नाही.

म्हणून शक्य असेल तर आठ फुटांची एक भिंत घालूच नका, चार-चार फुटांच्या दोन घाला. उंची निम्मी झाली की रेटा निम्मा होत नाही, चौथाई होतो. दोन भिंती मिळूनही एका उंच भिंतीच्या निम्माच. अट एवढीच की दोन भिंतींत पुरेसं अंतर हवं. मी किमान भिंतीच्या उंचीच्या दीडपट ठेवतो. दोन फुटांवर दुसरी भिंत घातलीत तर मातीच्या दृष्टीने ती एकच भिंत आहे. भिंतीमागे फूटभर रुंदीचा खडीचा थर पायापासून वरपर्यंत, खडी आणि माती यांच्या मध्ये जिओटेक्स्टाइलचं, म्हणजे पाणी सोडणारं पण माती अडवणारं कापड, आणि तळापासून वीतभर वर चार इंची पाइपची भोकं दर पाच फुटांवर, बाहेरच्या बाजूला थोडी उतरती. आणखी एक ओळ मध्यावर. ही भोकं 'घाण दिसते' म्हणून प्लास्टर करताना बुजवणारे मिस्त्री मी पाहिलेत, म्हणून प्लास्टरच्या दिवशी स्वतः हजर राहा. सहा फुटांच्या वरची भिंत असेल तर नकाशा आणि गणित स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घ्या, माझ्या उत्तरावर बांधू नका.

खरं म्हणजे त्याही आधीचा प्रश्न: जागा सपाट करायलाच का हवी? आपल्या जुन्या घरांकडे बघा. ओटी एका पातळीवर, माजघर दोन पायऱ्या वर, परसू आणखी वेगळ्या पातळीवर. उतार कापायला तेव्हा जेसीबी नव्हता म्हणून असं झालं हे खरं, पण त्याने पाण्याची वाटही फारशी बदलली नाही. तुमचं घर दोन पातळ्यांवर बसवलं, गाडी वरच्या रस्त्यालगतच उभी राहिली आणि खालचा तिसरा भाग जसा आहे तसा आंबा-काजूसह सोडला, तर बहुधा तुम्हाला आठ फुटांची भिंत लागणारच नाही. वास्तुविशारदाला हे नकाशा मंजुरीला टाकायच्या आधी सांगायला हवं. नंतर सांगितलं की तो नुसतं हसतो.

शोषखड्ड्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कोणीतरी सुचवेलच. पुण्या-नाशकाकडे शोषखड्डा चांगलं काम करतो, तोही काळी माती सोडून. काळ्या मातीत पाया भिजवणं म्हणजे भिंतींना भेगा मागून घेणं. कोकणातल्या उतारावर मात्र जुलैत जमीन आधीच पोट फुटेस्तोवर प्यायलेली असते. खड्डा खणून बघा. मोठ्या पावसानंतर तीन फुटांच्या खड्ड्यात पाणी भरा आणि काठी रोवून खूण करा. तासाभरात वीतभर उतरलं तर विचार करू. नाही उतरलं तर तो खड्डा ऑक्टोबरपर्यंत डबकंच राहणार. आणि उतरलं तरी ते कुठे गेलं? भिंतीच्या वरच्या अंगाला शोषखड्डा घेतलात तर तुम्ही स्वतःच्या हाताने भिंतीमागे पाणी भरताय. खालच्या अंगाला घेतलात तर काकांच्या विहिरीचा विचार करा. सेप्टिक टँकच्या जवळ तर नकोच.

साठवणीच्या टाकीचं वेगळं. टाकी जरूर करा. सध्याच्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत ५०० चौ.मी.पासून पुढच्या भूखंडावर पर्जन्यजल संधारणाची तरतूद आहेच, तुमची जागा त्यात बसते. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिमीच्या आसपास पाऊस पडतो. तुमच्या १४० चौ.मी. छपरावरच चार लाख लिटर पाणी येतं आणि तरी एप्रिल-मेमध्ये टँकरला फोन करावा लागतो, ही आपली शोकांतिका. पण पुराच्या हिशेबात टाकी धरू नका. दहा हजार लिटरची टाकी पंच्याहत्तर मिलिमीटर पावसात भरते. म्हणजे मृगात भरली. आषाढात ती भरलेलीच असणार आणि पडणारा प्रत्येक थेंब तिच्यावरून ओसंडून चरातच जाणार. टाकीचा ओव्हरफ्लो चराला जोडलेला नसतो ही मला सर्रास दिसणारी चूक. टाकी मेसाठी, चर जुलैसाठी. माझ्या स्वतःच्या घरी मी टाकी पावसाळ्यात वापरून रिकामी करतो आणि हस्ताच्या पावसात पुन्हा भरून घेतो. तोवर छप्पर धुऊन निघालेलं असतं, पाणी स्वच्छ मिळतं.

आता पाण्याचं शेवटचं टोक. चर पऱ्याला नेऊन मिळवला म्हणजे काम झालं असं नाही. उतारावरून आलेलं पाणी वेगात असतं, आणि ते जिथे पडतं तिथली माती खणून काढतं. शेवटच्या पंधरा-वीस फुटांत चराला पायऱ्या द्या, पाखाडीसारख्या. प्रत्येक पायरीवर पाणी आपटतं, फेसाळतं, दमतं. तोंडाशी सिमेंटचा गुळगुळीत फरस करू नका, माणसाला एकट्याने उचलता येणार नाहीत असे मोठे दगड ओबडधोबड टाका. दिसायला वाईट, कामाला उत्तम. चराच्या कडेने वाळा लावा. त्याची मुळं सरळ खाली जातात आणि कड धरून ठेवतात, आणि सुगंध फुकट.

पुढचा मुद्दा माझ्या चुकीचा आहे, म्हणून तो मी सांगतोच. धंद्यात पडल्यावर तिसऱ्या-चौथ्या वर्षी लांज्याच्या बाजूला एक काम होतं. चर, भिंत, उतार सगळं कागदावर बरोबर. पण घराचा पाया खणायला उशीर झाला, मे संपत आला, आणि खणलेली लाल माती मी खालच्या बाजूला, हद्दीजवळ ढीग करून ठेवली. मनात होतं, पाऊस यायच्या आत भरावात टाकू. पाऊस तीन दिवस आधी आला, रात्री आला, आणि पहाटे खालच्या घरातल्या आजीने मला विहिरीकडे नेलं. वरून वाकून बघितलं तर पाणी नव्हतंच, चहाच्या रंगाचा घट्ट चिखल होता, आणि त्यात तरंगणारी आमची सिमेंटची रिकामी पिशवी. आजी काही बोलली नाही. रहाटाचा दोर माझ्या हातात दिला. विहीर उपसायला आम्हाला चार दिवस लागले, आणि पुढचा महिनाभर त्या घरचं पिण्याचं पाणी आम्ही भरलं.

तेव्हापासून माझा क्रम ठरला आहे. उतारावर बांधकाम करताना सगळ्यात धोक्याचा काळ घर बांधून झाल्यावरचा नसतो. गवत काढलेलं, माती उघडी, छप्पर नाही आणि चर अजून 'नंतर करायचे' अशी जी अर्धवट अवस्था असते, ती धोक्याची. बहुतेक घरांच्या वाट्याला असा एक पावसाळा येतोच. म्हणून वरचा चर सगळ्यात आधी, पायाखुदाईच्याही आधी. मग खालच्या हद्दीवर गाळ अडवायचा खड्डा, चार फूट लांब-रुंद आणि तीन फूट खोल पुरतो, त्यातून पाणी वरच्या कडेने ओसंडून पुढे जाईल असा. गाळ दर दोन-तीन दिवसांनी काढायला माणूस सांगून ठेवा. २० मेनंतर नवी खोदाई नाही, मग मालक कितीही घाई करो. खणलेली माती वरच्या बाजूला, पाण्याच्या वाटेपासून लांब, ताडपत्रीखाली. आणि ज्या भागावर बांधकाम होणार नाही तिथलं गवत-झुडूप 'साफसफाई' म्हणून जेसीबीने खरवडू नका. ते फुकटात माती धरून बसलंय.

घराच्या अगदी जवळचं थोडक्यात सांगतो. जोत्यापासून पहिल्या दहा फुटांत जमीन सहा इंच उतरती हवी, चारी बाजूंनी, वरच्या बाजूलाही. लोक वरच्या बाजूला विसरतात आणि मग मागच्या खोलीच्या भिंतीला हातभर उंचीपर्यंत ओल चढते. पन्हळीचे पाइप भरावावर मोकळे सोडू नका, चरापर्यंत न्या. पन्हळ नसेल, पागोळ्याच ठेवायच्या असतील, तर त्या जिथे पडतात तिथे दोन फूट रुंद चिऱ्याची किंवा खडीची पट्टी घाला. आमच्या मूळच्या घरी अंगणाच्या कडेच्या चिऱ्यांवर पागोळ्यांनी पाडलेली खळग्यांची सरळ ओळ होती, बोटाचं पेर जाईल एवढी खोल, प्रत्येक कौलाच्या नळीखाली एक. चिऱ्याचं हे होतं, तर नव्या भरावाचं काय होईल ते बघा.

काही गोष्टी तुमच्या प्रश्नात नाहीत आणि त्यावर माझं सगळं उत्तर अवलंबून आहे. उतार किती? ऑटो लेव्हलने (पातळी मोजायच्या दुर्बिणीने) पातळ्या घेऊन दर अर्ध्या मीटर उंचीच्या रेषा काढून घ्या. एका दिवसाचं काम आहे, आणि त्या कागदाशिवाय कोणीही सांगितलेला चराचा मार्ग अंदाजाचा. वरचा कातळ कोणाचा, आणि तिथे उद्या चिरेखाण किंवा प्लॉटिंग होणार का? झालं तर पाण्याची दिशाच बदलेल, म्हणून चर आजच्या गरजेपेक्षा मोठा ठेवायला मी सांगतोय. वरच्या जागेत जमिनीला लांबट भेगा, तिरकी झालेली झाडं, नवीन फुटलेला झरा असं काही दिसतंय का? दिसत असेल तर बाकी सगळं थांबवा आणि आधी भूवैज्ञानिकाला दाखवा. माळीण, तळीये, इर्शाळवाडी ह्या दरडीखाली गेलेल्या जागा आपल्यापासून लांब नाहीत. तुमची जागा नदीकाठच्या सखल भागात असती, चिपळूणच्या बाजारपेठेसारखी, तर हे सगळं उत्तर फिरलं असतं. २२ जुलै २०२१ ला तिथे पाणी वरून उतरून आलं नव्हतं, वाशिष्ठी शहरात चढली होती. तिथे प्रश्न चराचा नसतो, जोतं किती उंच आणि विजेचा मीटर कुठे ह्याचा असतो.

कॉन्ट्रॅक्टरशी बोलताना त्याला चूक ठरवू नका. त्याने सांगितलेली भिंत-भराव-पाइप ही पद्धत सपाट गावांत चालते, आणि त्याला प्रति ब्रास आणि प्रति रनिंग फूट दर लावायला ती सोपी जाते. चराचं काम अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत लिहून घ्या. 'साइट डेव्हलपमेंट' नावाच्या एका रकमेत ते घातलंत तर शेवटी पैसे संपतात तेव्हा चरच कापला जातो. गेट आणि नेमप्लेट मात्र राहते.

राहिले पेव्हर. घाला, पण सगळीकडे नको. गाडीच्या दोन चाकांच्या पट्ट्या आणि दारापर्यंतची वाट, बाकी गवत किंवा बारीक खडी. पेव्हरखाली वाळू असते म्हणून पाणी मुरतं असं विक्रेता सांगेल. पहिल्या वर्षी मुरतं. मग सांध्यांत माती आणि शेवाळ बसतं आणि तो काँक्रीटसारखाच वागतो, वर श्रावणात घसरायला होतं ते वेगळं. खळं (मातीचं अंगण) सारवायची सवय घरात कोणाला असेल तर तुळशीपुढचा तुकडा तसाच ठेवा. तिथे फक्त उतार बघा: तुळशीकडून बाहेर, आणि बाहेर म्हणजे चराकडे, काकांकडे नाही.